'सायलेन्स': नामाआड दडलेला कर्ता

मौनाची नैतिक चर्चा बहुधा एका ठरावीक प्रश्नापाशी येऊन थांबते: जो बोलला नाही, त्याने संमती दिली असे मानावे काय? 'मौन हे संमतीचे लक्षण' या संस्कृत सूत्राचा आधार घेणारे आणि त्याला विरोध करणारे, असे दोन्ही पक्ष 'मौन' ही एकच एक वस्तू आहे असे गृहीत धरून चाललेले दिसतात. हे गृहीतच तपासण्याची गरज आहे. त्यासाठी इंग्रजीतील 'सायलेन्स' या शब्दाचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. एका भाषेने दोन भिन्न अवस्थांसाठी एकच नाम पत्करले, की तीत नैतिक निवाडे कसे सैल होतात, याचे ते एक स्वच्छ उदाहरण आहे.

१

लॅटिन भाषेत न बोलण्यासाठी दोन क्रियापदे होती. 'सिलेरे' हे आवाजाच्या अभावाचे क्रियापद. रात्र, वारा, समुद्र, अरण्य यांच्या संदर्भात ते सहज येते. अमावास्येच्या अदृश्य चंद्रालाही याच धातूपासून झालेले विशेषण लावले जाई आणि मृतांना कवी 'निःशब्द' म्हणत, तेही याच धातूच्या आधारे. दुसरे क्रियापद 'ताकेरे'. बोलू शकणारा माणूस बोलत नाही, तेव्हाचे हे क्रियापद. पहिल्यात अवस्था आहे, दुसऱ्यात कृती. अभिजात लेखकांनी हा भेद दर वेळी काटेकोरपणे पाळला असे नाही. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आलेले आढळतात. तरीही भेदाची जाणीव भाषेत होती, एवढे निश्चित. रोलाँ बार्त यांनी कॉलेज द फ्रान्समधील १९७७–७८ च्या व्याख्यानमालेत 'तटस्थ' या संकल्पनेचे विवेचन करताना याच जोडीचा आधार घेतला होता.

इंग्रजीला हा वारसा विषम वाटणीने मिळाला. 'सिलेरे'पासून झालेले 'सायलेन्स' हे नाम फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात इंग्रजीत आले आणि सर्वव्यापी झाले. 'ताकेरे'च्या वाट्याला मात्र 'टॅसिट', 'टॅसिटर्न', 'रेटिसन्स' यांसारखे मोजके आणि काहीसे पंडिती शब्द आले. दरम्यान इंग्रजीने स्वतःचे जुने क्रियापदही गमावले. जुन्या इंग्रजीत 'स्वीगियन' हे गप्प राहण्याचे क्रियापद होते. त्याचे सगोत्र 'श्वायगेन' जर्मनमध्ये आजही जिवंत आहे आणि ते 'श्टिले' म्हणजे नीरवता याहून वेगळे राहिले आहे. फ्रेंचनेही 'ताकेरे'चा वंशज 'से तेर' या रूपात जपला. आधुनिक इंग्रजीत मात्र गप्प राहण्याला एकपदी, रुळलेले क्रियापद उरले नाही. नामाला किंवा विशेषणाला सहायक क्रियापद जोडूनच ते सांगावे लागते.

याहून अर्थपूर्ण गोष्ट पुढे घडली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सायलेन्स' या नामापासून इंग्रजीने क्रियापद घडविले, पण ते प्रामुख्याने सकर्मक. त्याचा अर्थ गप्प राहणे असा नसून दुसऱ्याला गप्प करणे असा आहे. आवाजाचा अभाव, स्वतः पाळलेले मौन आणि लादलेले मौन या तिन्ही अवस्था अशा रीतीने एकाच शब्दाच्या छत्राखाली आल्या. नामाचे एक वैशिष्ट्य असे, की त्याला कर्त्याची गरज भासत नाही. 'तेथे सायलेन्स होता' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. कोण गप्प होते, का होते आणि कोणामुळे होते, याचे उत्तर न देताही ते पूर्ण आहे. नैतिक प्रश्न मात्र कर्त्यावाचून उभाच राहू शकत नाही.

२

कर्ता कोण हे ठरलेले असतानाही मौनाचा अर्थ लावणे किती अवघड असते, याची साक्ष कायद्याच्या इतिहासात मिळते. पोप आठव्या बोनिफेसच्या १२९८ च्या धर्मविधिसंग्रहात जे विधिनियम शेवटी जोडलेले आहेत, त्यांतील ४३ वा नियम सांगतो, की गप्प राहणारा संमती देतो असे समजावे. लगेच पुढचा ४४ वा नियम सांगतो, की गप्प राहणारा कबुली देत नाही, मात्र तो नाकारतो असेही म्हणता येत नाही. दोन्ही नियमांत क्रियापद 'ताकेरे' हेच आहे. पहिला नियम जगभर उद्धृत होत राहिला, दुसरा विधिज्ञांपुरताच राहिला. सत्तेला कोणता नियम सोयीचा होता, हे यावरून ओळखता येते.

१५३५ च्या टॉमस मोर खटल्यात या दोन नियमांमधील अंतर प्राणांतिक ठरले. आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरविणाऱ्या १५३४ च्या कायद्याबद्दल मोर यांनी मत देण्याचे टाळले होते. हे मौन दुष्ट हेतूचे द्योतक आहे, असे अभियोगाचे म्हणणे. उपलब्ध वृत्तांतांनुसार मोर यांनी उत्तर दिले, की कायदा शब्दांना आणि कृत्यांना शिक्षा सांगतो, मौनाला नव्हे. आणि मौनाचा अर्थ लावायचाच झाला, तर प्रसिद्ध सूत्रानुसार तो संमती असा लावावा लागेल. अखेरीस रिचर्ड रिच याने सांगितलेल्या कथित संभाषणावर दोषसिद्धीची भिस्त राहिली आणि ६ जुलै १५३५ रोजी मोर यांचा शिरच्छेद झाला. न्यायालयातील कोणालाही, स्वतः मोर यांनाही, ते मौन खरोखर संमतीचे आहे असे वाटत नव्हते. सूत्र येथे सत्य सांगण्यासाठी आले नव्हते, ते ढाल म्हणून आले होते. ज्या व्यवस्थेत नकार उच्चारणे म्हणजे मृत्यू आणि होकार उच्चारणे म्हणजे आत्मवंचना, त्या व्यवस्थेत मौन ही एकच जागा उरते. व्यवस्थेला तीही सहन झाली नाही.

विसाव्या शतकात हेच सूत्र उलट्या दिशेने वापरलेले दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या दूरचित्रवाणी भाषणात व्हिएतनामविषयक धोरणासाठी 'सायलेंट मेजॉरिटी'ला, म्हणजे मूक बहुसंख्याकांना, आवाहन केले. रस्त्यावर उतरून युद्धाला विरोध करणारे बोलत होते. जे बोलत नव्हते, त्यांना या संज्ञेने एका पक्षात जमा केले. हाच शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत मृतांसाठी योजला जाई, हा योगायोग बोलका आहे. मृत आक्षेप घेऊ शकत नाहीत. ज्यांच्या वतीने बोलले जाते त्या जिवंत मूकांकडून हीच अपेक्षा असते.

३

साहित्यसमीक्षेपुढे हा प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात येतो. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) या कादंबरीतील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सर टॉमस बर्ट्रम यांची अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे. ते तेथून परतल्यावर त्यांची आश्रित भाची फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराविषयी एक प्रश्न विचारते. हा प्रसंग वाचकाला प्रत्यक्ष दिसत नाही. फॅनी नंतर एडमंडशी बोलताना त्याची आठवण करते आणि त्या प्रश्नानंतर खोलीत मृतवत सायलेन्स पसरला, असे सांगते.

एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पिरिअ‍ॅलिझम' (१९९३) या ग्रंथात या प्रसंगाकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर इंग्रजी कादंबरीतील बहुधा सर्वाधिक चर्चिलेले मौन म्हणून तो मान्यता पावला. मळेवाल्या जगाला मॅन्सफील्डच्या दिवाणखान्यात भाषा नाही, ही सैद यांची अंतर्दृष्टी मोलाची आहे. पण पुढील चर्चेत हे मौन पुष्कळदा थेट सर टॉमस यांच्या नावावर जमा झालेले आढळते: त्यांना प्रश्न झोंबला, ते अपराधभावाने गप्प झाले. संहितेत असे काही नाही. तेथील वाक्यरचना कर्त्याचा निर्देशच करीत नाही. उलट, तिने आणखी विचारले असते तर वडिलांना आवडले असते, असे एडमंड म्हणतो. आणि तिने न विचारण्याचे जे कारण फॅनी देते, ते असे, की तिची मावसभावंडे रस न दाखविता गप्प बसली होती आणि त्यांच्यापेक्षा आपण पुढे पुढे करतो आहोत असे तिला दिसू द्यायचे नव्हते.

म्हणजे एका नामाखाली येथे किमान तीन मौने आहेत. मावसभावंडांचे बेफिकीर मौन, आश्रिताचा दर्जा ओळखून स्वतःला आवरणाऱ्या फॅनीचे मौन, आणि ज्यांच्याविषयी प्रश्न होता त्या अँटिग्वातील गुलामांचे मौन. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला होता; गुलामगिरी मात्र चालू होती आणि तिच्या निर्मूलनाचा कायदा १८३३ मध्ये झाला. पहिल्या मौनाला दोष लावता येतो. दुसऱ्याकडे सहानुभूतीने पाहावे लागते. तिसरे त्या माणसांनी पाळलेले मौन नव्हेच. ते त्यांच्यावर लादलेले आहे. तिन्ही एकत्र करून कादंबरीचा 'सायलेन्स' असे म्हटले, की आरोप तर जोरकस होतो, पण आरोपी कोण हे हरवते.

४

मराठीची व्यवस्था वेगळी आहे. 'मौन' हा शब्द 'मुनी'पासून आलेला. तो पाळला जातो, धरला जातो, सोडला जातो. त्यात संकल्प आहे. 'अबोला' दोघांत असतो, त्याला समोरचा माणूस लागतो. 'शांतता' कोणाचीच नसते. 'अळीमिळी गुपचिळी' या बोलीत संगनमताचे मौन जसे उमटते, तसे ते क्वचितच दुसऱ्या शब्दात सापडेल. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हटले, की दाबणारा हात डोळ्यांपुढे येतो. 'गप्प बसणे' आणि 'गप्प बसविणे' यांतील प्रयोजक रूपाचा फरक तर सर्वांत साधा. या शब्दसंपत्तीमुळे मराठी समाज मौनाबाबत अधिक न्यायी झाला, असा दावा करता येणार नाही. भाषा भेद उपलब्ध करून देते. तो वापरावयाचा की नाही, हे बोलणारा ठरवितो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाचे शीर्षक इंग्रजीत जाताना 'शांतता'ला 'सायलेन्स' हा प्रतिशब्द मिळाला. तो अपरिहार्य होता आणि काही अंशी अधिक सूचकही. 'शांतता' ही सर्वांना उद्देशून दिलेली, वरकरणी निष्पक्ष आज्ञा आहे. नाटक दाखविते ते असे, की ही सर्वांची शांतता प्रत्यक्षात एकटीला, बेणारेला, सोसावी लागते. बाकीचे बोलतच राहतात. अखेर आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्या अवधीत तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात, न्यायासनापर्यंत ते पोहोचत नाही. आरोपीने बचावात काही सांगितले नाही, अशीच नोंद त्या न्यायालयाच्या दप्तरी होईल. बोललेले न ऐकणे हाही मौन निर्माण करण्याचा एक मार्ग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे 'मूकनायक' हे नावही याच दिशेने वाचता येते. ज्यांना मूक म्हटले, त्यांच्यापाशी वाणी नव्हती असे नाही. तिला व्यासपीठ नव्हते.

५

या विवेचनातून एक निकष हाती येतो. जेथे नकार देण्याची वाट खुली होती आणि त्याची किंमत होकाराच्या किमतीहून फारशी अधिक नव्हती, तेथेच मौनाला संमती म्हणता येते. इतरत्र ते म्हणणे तर्काने सिद्ध होत नाही. बलवानाची सोय तेवढी होते.

यावर आक्षेप येऊ शकतो, की अशाने प्रत्येक गप्प बसलेल्याला भीतीचे निमित्त मिळेल आणि मौनाचा नैतिक जाब विचारणेच संपेल. आक्षेप गंभीर आहे. परंतु हा निकष एकाच बाजूने कापत नाही. बोलण्याची किंमत जितकी अधिक, तितका मौनाचा दोष कमी. हे मान्य केले, की किंमत जितकी कमी तितका दोष अधिक, हेही मान्य करावे लागते. मॅन्सफील्डच्या दिवाणखान्यातील मावसभावंडांना बोलण्यासाठी काहीही मोजावे लागणार नव्हते. सुरक्षित पदावरील, प्रतिष्ठित, ज्याचे ऐकले जाते अशा माणसाचे मौन म्हणूनच सर्वांत भारी ठरते. हा निकष सबब पुरवीत नाही. जाब योग्य दारी नेऊन पोहोचवितो.

समीक्षकालाही यातून सुटका नाही. संहितेतील मौने वाचणे ही गेल्या अर्धशतकातील समीक्षेची मोठी कमाई आहे. पण दुसऱ्याच्या मौनात आपला अर्थ भरणे आणि दुसऱ्याच्या मौनाला आपल्या पक्षात जमा करणे यांत निक्सन यांच्या भाषणापासून फार दूरचे असे काही नाही. हॅम्लेटचे शेवटचे वाक्य दुसऱ्या क्वार्टोत 'सायलेन्स' याच शब्दावर संपते. १६२३ च्या फोलिओत त्यापुढे चार निरर्थक उद्गार छापलेले आहेत आणि कित्येक संपादकांनी ते गाळले. शब्द सुंदर होता. त्यानंतरचे कण्हणे नकोसे वाटले. मौनाचे सौंदर्य टिकविण्यासाठी कोणाचा आवाज गाळला जातो आहे, हे पाहणे समीक्षेचे पहिले काम आहे. त्यासाठी 'येथे मौन आहे' एवढे म्हणून भागत नाही. कोण गप्प आहे, कोणामुळे आहे, आणि बोलला असता तर त्याचे ऐकणारा कोणी होता काय, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून मौनाचा अर्थ सांगण्याचा अधिकार समीक्षकाला मिळत नाही.