दिवा आपला, त्याग कोणाचा?

धार व देवास येथे रविवारी संध्याकाळी उपासनेस बसताना आपण बटण दाबतो आणि उजेड पडतो. तो उजेड कोठून आला, हे आपण क्वचितच विचारतो. या दोन्ही जिल्ह्यांत अणुवीज केंद्र नाही. तथापि तारांच्या ज्या पश्चिम विभागीय जाळ्यातून येथे वीज येते, त्याच जाळ्यात महाराष्ट्रातील तारापूरची अणुवीजही मिसळते. ते केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. शिवाय आपल्याच मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यात नर्मदेकाठी, चुटका येथे ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्याचे योजले आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नाही.

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर जनित्र फिरते. हे सारे थंड ठेवायला अखंड पाणी लागते, म्हणून जागा समुद्राकाठी किंवा नदीकाठी शोधतात. अपघाताचा धोका लक्षात घेऊन ती दाट वस्तीपासून दूर निवडतात. याचा परिणाम असा होतो की, वीज शहराला मिळते आणि घर मात्र कोळ्याचे, शेतकऱ्याचे, आदिवासीचे जाते. तारापूरला पुढे नव्या भट्ट्या बांधताना अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. चुटक्याच्या गोंड कुटुंबांना तर बर्गी धरणाने एकदा उठवलेच होते. ती वरच्या बाजूस सरकली आणि त्यांनी पुन्हा घरे बांधली. २००९ मध्ये अणुप्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि दुसऱ्यांदा उठण्याची वेळ समोर आली. गावकऱ्यांनी विरोध केला.

अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, "देशासाठी कोणीतरी त्याग केलाच पाहिजे." वाचकहो, या वाक्यात एक चूक दडलेली आहे. त्याग हा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. दुसऱ्याने आपल्यासाठी करावा असे आपण ठरवले, तर तो त्याग राहत नाही. ते घेणे होते.

याचा अर्थ अणुवीज नकोच, असा नाही. तिच्या भट्टीतून धूर निघत नाही. कोळशाच्या विजेची राख आणि विस्थापन सिंगरौलीच्या लोकांनी सोसले आहे. धरणाच्या विजेची किंमत धार जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. २०१९ मध्ये सरदार सरोवर पूर्ण भरले, तेव्हा निसरपूर पाण्याखाली गेले. कोणताही दिवा फुकट जळत नाही. म्हणूनच, किंमत कोण देतो आणि त्याला विचारले होते काय, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

येथे नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. अहाब राजाने प्रथम जुलूम केला नाही. त्याने मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. आजच्या भाषेत त्याला योग्य मोबदला म्हणता येईल. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. राजाला ते 'नाही' सहन झाले नाही, आणि पाप तेथून सुरू झाले. मोबदला देणे आणि संमती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही, त्याचे 'हो' हे खरे 'हो' नव्हे.

मग आपण काय करावे? दिवे विझवून अंधारात बसल्याने चुटक्याच्या माणसाचे घर वाचणार नाही. परंतु त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला देशद्रोही किंवा अडाणी म्हणणे आपण थांबवू शकतो. जी गावे उठली, त्यांना कबूल केलेली जमीन, पाणी व नोकरी मिळाली काय, हे विचारू शकतो. आपली गरज कोणती आणि चैन कोणती, हे घरच्या घरी ठरवू शकतो.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी नाबोथाची गोष्ट सांगताना बहुधा ईजबेलीच्या दुष्टपणावर भर दिलेला असतो. पुढच्या वेळी मुलांना एवढेच विचारून पाहावे: नाबोथ नाही म्हणाला, तेव्हा राजाने काय करायला हवे होते? मुले उत्तर देतील. ते उत्तर आपणा मोठ्यांनाही लागू आहे.