कर्ज, करार आणि पहिले क्रेडिट कार्ड



पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरा या अध्यायातील 282 वी आयत आहे. एवढ्या दीर्घ आयतीचा विषय आहे उधारीचा व्यवहार. अल्लाहने त्यात आदेश दिला आहे की ठराविक मुदतीसाठी उधारीचा व्यवहार कराल तेव्हा तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये. याच आयतीतील एका आदेशाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. कराराचा मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने. त्याने अल्लाहचे भय बाळगून मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. तो अजाण किंवा दुर्बल असेल, त्याला स्वतः सांगता येत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा.

या आदेशातील शहाणपण ध्यानात घ्या. जो स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी इतके घेतले, अमुक दिवशी परत करीन, त्याला आपण काय घेत आहोत हे ठाऊक असते. त्याला पुढे असे म्हणता येत नाही की मला कल्पना नव्हती. दुर्बल पक्षाची फसवणूक होऊ नये, याचीही तरतूद याच आदेशात आहे.

आता आपल्या घरात काय घडते ते पाहा. मुलाला किंवा मुलीला पहिली नोकरी लागते. पगार बँकेत जमा होऊ लागतो आणि दोन-तीन महिन्यांतच बँकेचा फोन येतो की तुम्हाला क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे. मोबाइलवर अटी व शर्तींची लांबलचक पाने उघडतात. ती कोणी वाचत नाही. तळाशी असलेल्या ‘मला मान्य आहे’ या चौकोनात खूण केली जाते आणि करार पूर्ण होतो. येथे सगळा मजकूर देणाऱ्याने लिहिलेला असतो आणि घेणाऱ्याला आपण काय मान्य केले याचा पत्ता नसतो. कुरआनाने घालून दिलेली रीत येथे नेमकी उलटी झालेली असते.

कार्ड म्हणजे काय?

डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने आपण स्वतःच्या खात्यातील पैसे खर्च करतो. क्रेडिट कार्डाने आपण बँकेचे पैसे खर्च करतो. दुकानदाराला बँक पैसे देते आणि ती रक्कम आपल्या नावावर कर्ज म्हणून लिहिली जाते. कार्डावर एक लाखाची मर्यादा आहे याचा अर्थ आपली ऐपत एक लाखाने वाढली असा नाही; आपल्याला एक लाखापर्यंत कर्जबाजारी होण्याची मुभा मिळाली, एवढाच आहे.

हे कर्ज काही दिवस बिनव्याजी असते. समजा, बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघते आणि ते भरण्याची अंतिम तारीख 25 आहे. 6 तारखेला केलेल्या खरेदीला सुमारे पन्नास दिवस मिळतात. 4 तारखेच्या खरेदीला मात्र एकवीसच. अंतिम तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरली तर व्याज लागत नाही. एक रुपया जरी मागे राहिला तरी सर्वसाधारणपणे ही सवलत संपते. व्याज खरेदीच्या दिवसापासून लागू होते आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून कार्डाने रोख रक्कम काढली तर एक दिवसाचीही सवलत नसते. त्याच दिवसापासून व्याज आणि शिवाय वेगळे शुल्क.

व्याजाचा दर अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ऐकायला लहान वाटणारा हा दर वर्षाला 42 टक्के होतो. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा एक आकडा ठळक छापलेला असतो; तो बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांइतका असतो. तो भरला की विलंब शुल्क टळते आणि माणसाला वाटते, या महिन्याचे काम झाले. ढोबळ हिशेब करून पाहू. 40,000 रुपयांची थकबाकी आहे. महिन्याचे व्याज 1,400 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये, असे 1,652 रुपये होतात. आपण किमान रक्कम म्हणून 2,000 रुपये भरले, तर मूळ कर्जातून फिटले केवळ 348 रुपये. उरलेले सगळे व्याजात आणि करात गेले. अशा गतीने कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही.

‘शून्य व्याजाचे हप्ते’ या जाहिरातीलाही भुलू नका. रिझर्व्ह बँकेनेच 2013 साली बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही; व्याज कुठेतरी शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते. आजही अशा अनेक योजनांत बँक व्याज आकारते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. बिल नीट पाहिले तर व्याजाचा रकाना तेथे दिसतो.

व्याजाविषयी अल्लाहचा आदेश

कर्जाच्या आयतीच्या लगेच आधी, 275 व्या आयतीपासून, व्याजाचा निषेध आला आहे. व्यापार हलाल आणि व्याज हराम, असे तेथे स्पष्ट फर्माविले आहे. व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांकडून युद्धाचा इशारा दिला आहे. व्याजाची आयत आणि कर्जाची आयत यांच्यामध्ये 281 वी आयत त्या दिवसाची आठवण देते, ज्या दिवशी आपण सर्व अल्लाहकडे परतविले जाऊ आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचे पुरेपूर फळ मिळेल. पैशाच्या दोन आदेशांच्या मधोमध हिशेबाच्या दिवसाची आठवण आली आहे, हे श्रद्धावंताने विसरू नये.

आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की व्याज खाणे हे पाप, देणे ही केवळ अडचण. सहीह मुस्लिममधील हदीस ही समजूत खोडून काढते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज खाणारा, देणारा, त्याचा करार लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला आणि ते सर्व सारखेच आहेत असे सांगितले.

मग क्रेडिट कार्ड घ्यावे की नाही? या प्रश्नावर विद्वानांमध्ये मतभेद आहेत आणि ते प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2000 साली रियाध येथील अधिवेशनात निर्णय दिला की ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते देणे वा वापरणे योग्य नाही. मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरीही. कारण करार करतानाच माणूस व्याजाच्या अटीला संमती देतो. दुसरीकडे काही विद्वान म्हणतात की खरी गरज असेल आणि पूर्ण रक्कम मुदतीत भरण्याची खात्री व व्यवस्था असेल तर वापरास वाव आहे. मात्र एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे: व्याज लागू होऊ देणे हराम आहे. ज्यांना डेबिट कार्ड आणि यूपीआय पुरते त्यांनी त्यावरच समाधान मानावे, यात सावधगिरी आहे आणि मनाची शांतीही. ज्याला नोकरी-व्यवसायामुळे खरोखर गरज भासते त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना कराराच्या अटी दाखवून विचारावे.

काही तरुण म्हणतात की कार्ड नसेल तर सिबिलची नोंद तयार होत नाही आणि पुढे घरासाठी कर्ज मिळत नाही. हा युक्तिवाद तपासून पाहा. पुढे व्याजाचे कर्ज सहज मिळावे म्हणून आज व्याजाच्या अटीवर सही करायची, असाच त्याचा अर्थ होतो. मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाचा पर्याय सुचविला जातो. तेथे ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

मजकूर स्वतःच्या तोंडाने सांगा

आलिमांशी विचारविनिमय करून ज्यांनी कार्ड घेण्याचे ठरविले असेल, किंवा ज्यांच्याकडे ते आधीच आहे, त्यांनी 282 व्या आयतीतील आदेश आपल्या घरात अमलात आणावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाच्या अर्जासोबत व्याजदर आणि शुल्के यांचे एका पानाचे विवरण देणे बँकेला बंधनकारक आहे. ते पान मागून घ्या. आई-वडिलांसमोर किंवा पती-पत्नीने एकमेकांसमोर बसून आपल्या भाषेत सांगा: बिल कोणत्या तारखेला निघते, पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, उशीर झाल्यास किती व्याज आणि किती शुल्क, वार्षिक शुल्क किती, आणि माझ्या पगारातून मी किती खर्च करणार. ज्याला हे सांगता येत नाही त्याने सही करू नये. अल्लाहने मजकूर सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याला मजकूरच माहीत नसेल तर तो करार पाळणार कसा?

त्यानंतर काही बंधने स्वतःवर घालून घ्या. कार्ड एकच असावे आणि मर्यादा बँकेला सांगून महिन्याच्या पगारापेक्षा कमी ठेवावी. बिल खात्यातून आपोआप भरले जाण्याची सोय करताना ‘किमान रक्कम’ हा पर्याय टाळून ‘पूर्ण रक्कम’ हाच निवडावा. कार्डाने खर्च केलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात बाजूला ठेवावी. रोख रक्कम काढणे आणि हप्ते पाडणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. मित्राच्या खरेदीसाठी आपले कार्ड देऊ नये. त्याचे पैसे उशिरा आले तरी कर्ज आपल्याच नावावर असते. आणि ज्या वस्तूची किंमत आज खात्यात नाही, ती वस्तू कार्डाने घेऊ नये. न मागता कार्ड गळ्यात मारण्याचा बँकेला अधिकार नाही. कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणे तिच्यावर बंधनकारक आहे; विलंबाबद्दल तिला रोज 500 रुपये दंड द्यावा लागतो. तेव्हा संकोच बाळगू नका.

कर्ज मृत्यूनंतरही पाठ सोडत नाही

प्रेषित (स.) नमाजमध्ये पाप आणि कर्ज यांपासून अल्लाहचे संरक्षण मागत असत. आपण कर्जापासून एवढे संरक्षण का मागता, असे विचारले असता त्यांनी कारण सांगितले की माणूस कर्जात बुडाला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन ते मोडतो. वसुलीचा फोन आला की घरात नसल्याचे मुलांकडून सांगविणारा बाप आपण पाहिला नाही काय? कर्जाची हानी पैशापुरती राहत नाही. ती माणसाच्या शब्दाला आणि मुलांच्या संस्कारांना लागते.

एकदा एका मृताची जनाजाची नमाज पढविण्याची विनंती प्रेषितांना (स.) करण्यात आली. त्यांनी विचारले, याच्यावर काही कर्ज आहे काय? होय, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सोबत्यांना सांगितले की तुम्ही तुमच्या सोबत्याची नमाज पढा. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले आणि मगच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. ते कर्ज अवघ्या दोन-तीन दिनारांचे होते. शहीदाचीही सर्व पापे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे.

सूरह निसामध्ये वारसांचे वाटे सांगताना अल्लाहने पुन्हापुन्हा बजावले आहे की वाटणी वसीयत आणि कर्ज यांच्या फेडीनंतरच. म्हणून कार्डाची थकबाकी घरच्यांपासून लपवू नका. कोणत्या बँकेचे कार्ड, किती देणे, हे एका वहीत लिहून जोडीदाराला किंवा आई-वडिलांना ठाऊक असू द्या. उद्या आपण नसलो तर आपल्या मालमत्तेतून ते आधी फेडले जाईल.

जे अडकले आहेत त्यांच्यासाठी

ज्यांची थकबाकी वाढली आहे त्यांनी निराश होऊ नये आणि उशीरही करू नये. कार्ड वापरणे आजच थांबवा. तौबा करा. घरात खरे सांगा. एखादा दागिना विकावा लागला तरी 42 टक्क्यांचे व्याज सुरू ठेवण्यापेक्षा ते बरे. नातेवाइकांकडे कर्ज-ए-हसना मागण्यात कमीपणा नाही. मात्र त्याचाही मजकूर लिहा आणि तारीख पाळा. ऐपत असूनही फेड लांबविणे हा प्रेषितांनी (स.) जुलूम ठरविला आहे.

आणि ज्यांना अल्लाहने सुबत्ता दिली आहे त्यांच्यावर मोठी जबाबदारी आहे. कर्जदार अडचणीत असेल तर सवलत द्यावी, आणि माफ केले तर ते अधिक उत्तम, असे 280 व्या आयतीत सांगितले आहे. सूरह तौबामध्ये जकातच्या आठ हक्कदारांत कर्जात अडकलेल्यांचा समावेश आहे. आपल्या मोहल्ल्यातील एखादा तरुण मूळ रक्कमही फेडू शकत नसेल, तर रमजानची जकात वाटताना त्याची आठवण ठेवा. श्रीमंत नातेवाईक दार लावून बसले तर तरुण बँकेच्या दाराशी जाणारच. आपल्या मशिदींत आणि जमातींत बिनव्याजी मदतीची सोय नसेल, तर तरुणांना दोष देण्याचा आपला अधिकार अर्धाच उरतो.

अल्लाह आपल्याला हलाल मिळकतीवर समाधानी राहण्याची बुद्धी देवो, हरामची गरजच भासू नये इतकी बरकत देवो, आणि कुणाचेही देणे मानेवर न ठेवता आपल्याकडे परत बोलावो. आमीन.