समुद्रतळाची अमानत

१९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या सागरखोऱ्यात, चार किलोमीटरहून अधिक खोलीवर, तळाचा काही भाग प्रयोगासाठी नांगरला. २०१५ मध्ये पाहिले, तर नांगराचे चरे तसेच होते! निकेल-कोबाल्टयुक्त गोळे तिथे लाखो वर्षांत घडतात. असेच गोळे हिंदी महासागरात शोधण्याचा करार आपल्या देशाकडेही आहे.

समुद्र ही अल्लाहने सोपविलेली अमानत. फिकहनुसार अमानतदाराचा शब्द मानला जातो. हयगय झाली तर मात्र भरपाई त्याच्यावर येते. समुद्रतळाच्या पर्यावरणाच्या नोंदी बहुतांशी उत्खनन करू इच्छिणाराच ठेवतो. तिथे ना शेजारी, ना वाटसरू. हयगय उघड झालीच, तर लाखो वर्षांची भरपाई तो कशातून देणार? म्हणून इथे त्याचा एकट्याचा शब्द मला पुरेसा वाटत नाही. यंत्र पाण्यात उतरण्यापूर्वीच त्रयस्थ साक्षीदार नेमलेला असावा.