शहाजोग कोण?

फसवणाऱ्याचा दोष सर्वांनाच मान्य असतो. त्यासाठी निबंध लिहिण्याचे कारण नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे : फसवणुकीने झालेले नुकसान कोणी सोसावे? आमच्या कुटुंबात एकाच वर्षी घडलेल्या दोन प्रसंगांनी हा प्रश्न आम्हांपुढे आणला. नोकरीची सारी वर्षे कोषागारात देयके तपासण्यात गेली असूनही त्याचे उत्तर आम्हांस चटकन सापडले नाही.

पहिला प्रसंग आमचाच. आमच्या क्रेडिट कार्डावर एका परदेशी विक्रेत्याकडून अकरा हजारांची खरेदी झाल्याचा संदेश भल्या पहाटे आला. आम्ही काहीच घेतले नव्हते. आपल्याकडे इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना 2009 पासून ओळखीची दुसरी खूण द्यावी लागते. परदेशी विक्रेता ती मागेलच असे नाही. आम्ही त्याच सकाळी बँकेस कळविले. कार्ड बंद झाले, वादातील रक्कम बाजूला ठेवली गेली आणि यथावकाश रद्द झाली. आमच्या खात्यातील एक रुपयाही हलला नाही.

दुसरा प्रसंग आमच्या वहिनींचा. आमचे थोरले बंधू गेल्यावर त्यांचे लिहिण्याचे शिसवी टेबल विकण्याची जाहिरात वहिनींनी नातवाकरवी दिली. आपण लष्करात असल्याचे सांगून एका गृहस्थाने दूरध्वनी केला, घासाघीस न करता किंमत मान्य केली आणि एक क्यूआर कोड पाठविला. ‘हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील.’ यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीही नाही. वहिनींना हे ठाऊक नव्हते. ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा करा’ असे तो म्हणाला म्हणून त्यांनी पुन्हा केले. दोन खेपांत एकोणीस हजार गेले. बँकेतून उत्तर आले, पिन तुम्ही स्वतः टाकला आहे.

दोन्ही साधनांतील मूळ भेद येथे दिसतो. कार्डाने खर्च होतो तो आधी बँकेचा पैसा. आपण तो महिनाअखेरीस फेडतो. मधल्या काळात तक्रारीला वाव राहतो आणि तंटा मिटेपर्यंत पैसा अडकतो तो बहुधा दुसऱ्याचा. 2016 साली आलेल्या यूपीआयने खात्यातील आपलाच पैसा क्षणार्धात दुसऱ्याच्या खात्यात जातो. हीच त्याची थोरवी आहे. आमच्या इंदुरात सकाळी पोहे-जिलबीची गाडी लावणाऱ्यापर्यंत कार्डाचे यंत्र कधी पोहोचले नाही. कागदावर छापलेला कोड मात्र पोहोचला. ही सोय क्षुल्लक मानण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु ज्या विलंबाला आपण गैरसोय म्हणत होतो, त्यातच विचाराला आणि तक्रारीला जागा होती, हेही विसरता येत नाही.

नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या संमतीविना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काहीच दायित्व नाही. मात्र हलगर्जीपणा ग्राहकाचाच असेल, तर कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. आमचा प्रसंग पहिल्या कलमात बसला, वहिनींचा दुसऱ्यात ढकलला गेला. आता विचार करावा : ज्या संमतीचा अर्थच उलटा सांगितला गेला, ती संमती म्हणावी काय?

येथे आम्हांस आपल्या सराफ्यातील जुन्या हुंडीची आठवण होते. हुंडीचा एक प्रकार ‘शहाजोग’ होता. तिचे पैसे कोणाही धारकास न देता बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्याच हाती द्यावयाचे. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर त्या शहाला पैसे परत करावे लागत. म्हणजे देणाऱ्याने सावध राहावे एवढ्यावर व्यवहार सोडलेला नव्हता. घेणाऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी पतदार माणूस जामिनासारखा उभा असे. आज मराठीत ‘शहाजोग’ हा शब्द उरला आहे तो साळसूदपणाचा आव आणणाऱ्यासाठी.

वहिनींचे पैसे हवेत विरले नाहीत. ते कोणत्या तरी बँकेतील कोणाच्या तरी खात्यात जमा झाले. ते खाते ओळखपत्रे पाहूनच उघडले गेले असणार. त्या बँकेने आजचा ‘शहा’ का होऊ नये? हा विचार स्वप्नाळू नाही. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून, अशा रीतीने फसून स्वतः पैसे पाठविलेल्या ग्राहकास 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते आणि तिचा भार पाठविणारी व स्वीकारणारी संस्था निम्मा-निम्मा उचलतात.

यावर आक्षेप असा की, भरपाईची खात्री झाली की लोक निष्काळजी होतील. आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनच्या नियमातही घोर निष्काळजीपणाला अपवाद ठेवला आहे. परंतु सावधगिरीची अपेक्षा ज्याच्या-त्याच्या सामर्थ्याप्रमाणे असावी. कोषागारात एका लेखनिकाच्या सहीवर आम्ही कधी देयक मंजूर केले नाही; दुसरा हात आणि दुसरी नजर लागतच असे. त्यात लेखनिकावर अविश्वास नव्हता. माणूस चुकतो, हे गृहीत धरलेले होते. सत्तरीतील एकट्या स्त्रीने मात्र पडद्यासमोर लेखनिक, तपासनीस आणि अधिकारी या तिन्ही भूमिका काही सेकंदांत वठवाव्यात, ही अपेक्षा न्यायाची नाही.

आणि आमचा स्वतःचा दोष सांगितल्याविना हे लिखाण पुरे होणार नाही. त्या दिवशी वहिनींचा दूरध्वनी आला तेव्हा, 1930 या क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते, हे सुचविण्याआधी आम्ही विचारले, “पण तुम्ही पिन टाकलात कशाला?” बँकेने नंतर जे म्हटले, ते आम्ही आधीच म्हणून चुकलो होतो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, पैसे गेले ते गेले, पण आता घरात कोणी मला विचारून व्यवहार करणार नाही.”

तक्रार दुसऱ्या दिवशी नोंदली गेली. तोवर ते खाते रिकामे झाले होते. टेबल अजून त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. विकण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.