हात खाली घे

डोळे पूस आणि नीट बस. रडणाऱ्या पोराला बोलू नये असं मला कुणी शिकवलेलं नाही. तुझ्या आईनेही माझी बोलणी याच खोलीत खाल्ली आहेत.

काल उज्जीवन सभेत पाहुण्या उपदेशकांनी ‘आज ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा’ म्हटलं मात्र, तुझा हात वर. मे महिन्याच्या शिबिरात वर केलास, नाताळाच्या आधी केलास, काल परत केलास. पुढे जातोस, गुडघे टेकतोस, पेटीवाले काका सूर लांबवतात, मागच्या बाकावरच्या बाया डोळ्यांना पदर लावतात. आणि आठवडा उलटायच्या आत तू माझ्या दारात हजर. ‘बाई, माझं तारण झालंय असं आतून वाटतच नाही.’ अरे, किती वेळा नव्याने जन्म घेणार आहेस? निकदेम एवढा शिकलेला परूशी, त्याला एकदाच नव्याने जन्म घे म्हटलं तर तो गांगरून गेला. तू वर्षातून तीनदा तयार!

वर्षअखेरच्या रात्रीचं सांगू? भक्ती झाली, वचनाच्या कार्डांचं ताट फिरलं. तू एक उचललंस, दिव्याखाली धरून वाचलंस, तोंड पाडलंस, आणि कुणी बघत नाहीसं पाहून कार्ड परत ताटात सारलंस नि दुसरं घेतलंस. मी बघत होते. ताट माझ्यापाशी आलं तेव्हा तुझं ते पहिलं कार्ड वरच होतं, मी तेच घेतलं. दुसरं कार्ड आशीर्वादाचं निघालं म्हणून तू ते सकाळी मोबाइलच्या स्टेटसला लावलंस. रस्त्याच्या कडेला पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चिठ्ठी काढतो, त्याच्यापुढे उकिडव्या बसलेल्या माणसात आणि तुझ्यात मला फरक दिसला नाही. तो बिचारा निदान मिळेल ती चिठ्ठी घेऊन घरी जातो.

आणि तू परत ठेवलेलं कार्ड कसलं होतं? इब्री लोकांस पत्र, अध्याय १२. बाप ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो, आणि शिस्त लागते हीच लेकरू असल्याची खूण, तो भाग. ज्या खात्रीसाठी तू वर्षभर माझं डोकं खाल्लंस ती त्या कार्डावर छापलेली होती. तुला ती गोड लागली नाही, एवढंच.

तुला वाटतं, आपण शंका घेतो म्हणजे आपण फार नम्र. ‘मी पापी, माझं कसलं तारण’ म्हणताना तुझा आवाज कसा मऊ होतो ते मी ऐकलंय. योहानाचं पहिलं पत्र उघड, पाचवा अध्याय. विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावं, यासाठीच हे लिहिलंय असं तो साफ सांगतो. त्याच अध्यायात जरा वर हेही सांगतो, की देवाने पुत्राविषयी दिलेली साक्ष जो मानत नाही तो देवाला लबाड ठरवतो. वाचलंस? म्हणजे तू स्वतःला लहान करतोयस असं तुला वाटतं, आणि प्रत्यक्षात आरोप कुणावर ठेवतोयस ते बघ. गाणी रंगली, डोळ्यांत पाणी आलं, की तारण झालेलं. सकाळी डोकं दुखलं, बापाशी वाजलं, की गेलेलं. वधस्तंभावर जे घडलं ते तुझ्या झोपेवर अवलंबून आहे काय?

मोह म्हटलं की तुला एकच गोष्ट आठवते आणि तू कानापर्यंत लाल होतोस. ती गोष्ट नंतर. आधी मत्तयाचा तिसरा अध्याय संपतो तिथे बघ. यार्देनेतून वर येताच येशूला आकाशवाणीने आपला प्रिय पुत्र म्हटलंय. पान उलटलं की रान, ४० दिवसांची भूक, आणि सैतानाचं पहिलंच बोलणं काय? तू देवाचा पुत्र असशील तर. धोंड्यांच्या भाकरीचा विषय त्याने मागून काढला. पहिला घाव घातला तो नुकत्याच ऐकलेल्या शब्दावर. तुझ्यावर तो काही नवीन युक्ती चालवत नाही.

येशूने काय केलं? आपल्याला पुत्रासारखं वाटतंय का, हे चाचपत बसला नाही. परत यार्देनेवर जाऊन बाप्तिस्म्याच्या रांगेत उभा राहिला नाही. तिन्ही वेळा लिहिलेलं वचन पुढे केलं, आणि तिन्ही वेळा अनुवादातलं, सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं. इस्राएल लोक ४० वर्षं ज्या रानात कुरकुरत होते त्या रानाची आठवण मोशे जिथे काढून देतो, ते हे अध्याय. त्यांची जिथे दाणादाण झाली तिथे हा भुकेल्या पोटी उभा राहिला. आणि लक्षात ठेव, सैतानालाही पाठांतर होतं, त्याने ९१वं स्तोत्र म्हणून दाखवलं. तेव्हा नुसत्या पाठांतराने भागत नाही हे मला मान्य आहे. पण तुझं तेही नाही! मागच्या गुरुवारी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय म्हण म्हटलं, तर पहिल्या वचनानंतर छताकडे बघत राहिलास. ढाल घरी ठेवून लढाईला जातोस आणि जखमा दाखवायला माझ्याकडे येतोस.

पंडिता रमाबाईंचं नाव काढलंस मघाशी. मोठ्या हुशारीने काढलंस. त्यांनाही खात्री उशिरा मिळाली, मग मला का बोलता, असंच ना? तर नीट ऐक. पुराणं तोंडपाठ असलेली, १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून असा वाद घातला की त्या थकून जाव्यात. प्रश्न विचारणं पाप आहे असं मी तुला कधीच म्हटलं नाही, त्यांचं उदाहरण समोर असताना म्हणणार तरी कशी? १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं. एवढं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्याला आठ वर्षं उलटल्यावर, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, खुद्द ख्रिस्त सापडायचा आहे. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्या वेळी त्यांच्या हाती आलं होतं. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच उपदेशाच्या मध्यावर ज्याचं मन पालटलं, तो हा गृहस्थ. रमाबाईंनी हे सगळं १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून जगजाहीर केलं. झाकपाक केली नाही.

आता फरक बघ. त्यांना सापडलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी, निराधार पोरी गोळा करून केडगावला आणल्या. आज आपल्याला तारण झाल्यासारखं वाटतंय का, हे तपासत त्या रोज सकाळी बसल्या असत्या तर त्या पोरींकडे कोण जाणार होतं? हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र मराठीत आणायला घेतलं. १९२१ला एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. तरी काम थांबलं नाही, १९२२ला स्वतः जाईपर्यंत चाललं. आणि तू? तुला सापडतं, तू हरवतोस, परत सापडल्याचा आनंद मिळावा म्हणून. तुला ख्रिस्ताची ओढ कमी आणि त्या पाच मिनिटांच्या रडण्याची जास्त आहे. लागलं ना? लागू दे.

खात्री मिळाली म्हणजे मोह संपतात, हेही तुझ्या डोक्यात कुणी घातलं कोण जाणे. जॉन वेस्लीची २४ मे १७३८ची गोष्ट सगळे उपदेशक सांगतात. लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवर कुणीतरी लूथरची प्रस्तावना वाचत होतं आणि त्याच्या मनात ऊब आली. इथे गोष्ट थांबवतात, कारण इथे टाळ्या पडतात. त्याच रात्री घरी पोचल्यावर मोहांनी त्याला पुन्हा पुन्हा गाठलं आणि तो दर वेळी देवाला हाक मारत राहिला, हेही त्याने रोजनिशीत लिहिलंय.

एक गोष्ट वेगळी काढते. विल्यम कूपर नावाचा कवी होता, आजही चर्चमध्ये त्याची गीतं गातात. मनाच्या आजाराने त्याला असं ग्रासलं की देवाने आपल्याला टाकलं आहे, या समजुतीतच तो १८०० साली वारला. त्याला मी हे एक अक्षर बोलले नसते. तुझं तसं काही असेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर आत्ता सांग. मी उठते, आपण डॉक्टरकडे जाऊ. नाही? रात्री एकपर्यंत मॅच बघतोस आणि सकाळी उभ्या उभ्या दोन वडापाव खातोस. मग पुढचं ऐक.

सोमवार ते शुक्रवार तुला तारणाची शंका, आणि शनिवारी त्या मित्रांच्या खोलीवर जायचं असलं की कुठून एवढा विश्वास येतो? ‘बाई, प्रभू सांभाळतो.’ येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून उडी मार म्हणणारा सैतान तो हाच. त्याने तरी ९१वं स्तोत्र म्हटलं, तू तेवढेही कष्ट घेत नाहीस. मोहातून निभावायची वाट देव करून देईल असं पौलाने लिहिलंय. त्या वाटेने चालायचं तुझ्याच पायांनी. योसेफ पोटीफराच्या बायकोपुढे प्रार्थनेला बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. तू वस्त्र सांभाळत थांबतोस आणि मग देवाला विचारतोस, असं का झालं? रात्री फोन उशाशी कशाला लागतो? स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. सभेत ओरडून सैतानाला हाकलणं सोपं आहे. याकोब त्याला अडवायला सांगतो, पण त्याच्याआधी देवाच्या अधीन व्हायला सांगतो. तो क्रम तू नेहमी उलटा करतोस.

आणि पडलास तर? पेत्रही पडला, अंगणात एका दासीपुढे. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, असं प्रभूने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो बाहेर जाऊन रडला, पुढे समुद्रकाठी प्रभूच्या हातची मासळी-भाकरी खाल्ली, मेंढरं चारायचं काम घेतलं. पेत्राने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला असं कुठे वाचलंस?

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मागच्या खेपेला भाकरीचं ताट तुझ्या रांगेत यायच्या आधी तू खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलास. माणसाने आत्मपरीक्षा करून मग खावं, असं पौल करिंथकरांना सांगतो. परीक्षा करून निघून जावं असं त्या पत्रात नाही. शनिवारी खोलीवर न जाता घरी बस, जे कबूल करायचं ते देवापुढे कबूल कर, आणि बापाशी जे खोटं बोललास ते त्याला तोंडावर सांग. गुरुवारी मला आठवा अध्याय पूर्ण हवा, ३९च्या ३९ वचनं. रविवारी मी दारापाशीच्या खुर्चीवर बसणार आहे. खोकला आला तर खिशात खडीसाखर ठेव.