सवड आणि साक्ष

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोलादपूरला गाड्यांची रांग लागते. मुंबईकडून आलेल्या काही गाड्या सरळ कशेडीच्या दिशेने कोकणात आणि गोव्याला जातात, काही डावीकडे वळून आंबेनळी घाट चढू लागतात, महाबळेश्वरसाठी. घाटात गाडी उभी करण्याइतकी जागा दिसली की दारे उघडतात, मोबाइल बाहेर येतात, माणसे दरीकडे पाठ करून उभी राहतात आणि दोन मिनिटांत गाडी पुढे निघते.

त्याच आठवड्यात महाड-पोलादपूरकडचा हौशी छायाचित्रकार घरी बसून वर्षाचा हिशेब करत असतो. तो कुठे शिक्षक असतो, कुठे दुकानदार, कुठे महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार. हार्डडिस्क भरत आलेली असते, म्हणून तो बसलेला असतो. रायगडावरचा सूर्योदय एकाच सकाळी चाळीस वेळा टिपलेला असतो. वाळण कोंडीतले मासे, वीरेश्वराच्या छबिन्याला आलेल्या गावोगावच्या पालख्या, भातकापणीनंतर खाचरात उभी केलेली उडवी, ओलीवर उगवलेला वाल. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे ठरवताना त्याच्यासमोर एक जुना प्रश्न उभा राहतो. हा सगळा वेळ त्याने कशात घातला? आणि मुळात हा वेळ त्याला मिळाला कुठून?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण ते फार कमी वेळा दिले जाते. हौशी माणसाचा छंद बहुतेक रविवारवर चालतो आणि हा रविवार आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक दिवसाची सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सरकारपुढे आणि गिरणीमालकांपुढे मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढे १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पाळी संपवून कॅमेरा गळ्यात अडकवणाऱ्या माणसाच्या संध्याकाळीमागे एवढा इतिहास आहे.

तंत्रज्ञानानेही त्याला पुष्कळ दिले. घरात एखादा जुना आगफा क्लिक थ्री असेल तर तो हातात घेऊन पाहावा. हा साधा डबा कॅमेरा बडोद्याला बनत असे. एका रोलवर बारा फोटो, चौकोनी. मागच्या बाजूला एक लहानशी तांबडी खिडकी. वरची चावी फिरवत राहायचे आणि त्या खिडकीत डोळा लावून बसायचे. रोलच्या पाठकागदावरचे ठिपके सरकत जात आणि मग अंधारातून वर यावा तसा पुढचा आकडा दिसे. चावी जास्त फिरली तर तो फोटो गेला. बारा आकडे संपले की रोल धुवायला द्यायचा आणि थांबायचे. माणसाला बाराच संधी आहेत हे माहीत असले की तो पुष्कळ गोष्टी नुसत्याच पाहतो.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यातले चित्र होते शंभर बाय शंभर ठिपक्यांचे आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज खिशातला फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच्या कितीतरी पट चित्र साठवतो, आणि ज्या कोडॅकच्या घरात हा शोध लागला त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बारांची मर्यादा गेली. ज्याला रोल परवडत नव्हता त्याच्याही हातात कॅमेरा आला, आणि ही मोठी गोष्ट आहे. ‘पूर्वीचे बरे होते’ असे म्हणणाऱ्यांनी पूर्वी कुणाच्या घरात अल्बम होते आणि कुणाच्या घरात एकही फोटो नव्हता, हे आधी आठवावे.

तरीही कुठेतरी खटकते. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेले. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या पाहायच्या. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने ठेवले म्हणून मनाने सोडून दिले. पण त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, त्यांची आठवण मात्र शाबूत राहिली. म्हणजे दोष यंत्राच्या माथी सरसकट मारता येत नाही. हातात कॅमेरा असताना चित्त कुठे आहे, यावर सगळे ठरते.

आणि इथे महाड तालुका या प्रश्नाला स्वतःचे काही सांगू शकतो.

शहराजवळ, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या लेण्याचा, चैत्यगृहाचा, आठ खोल्यांचा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख आहे. खोली, दगडी ओटा आणि पाणी, भिक्खूला एवढेच लागे. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने त्याने एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. पावसात भटकणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली म्हणून बुद्धांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटक सांगते. सवडीचा उगम दुसऱ्याला इजा न करण्यात आहे, हे फार मोलाचे आहे. लेण्याच्या ओट्यावर बसून खालच्या महामार्गावरची वाहने पाहताना ते अधिकच जाणवते.

याच तालुक्यात, बिरवाडीच्या पुढे, शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. विस्मृतीत गेलेली ही जागा धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये शोधून काढली. समर्थांचे म्हणणे वरकरणी भिक्खूंच्या उलट वाटते. एकही क्षण रिकामा जाऊ न देणे हे ते भाग्यवंताचे लक्षण मानतात. लेखनक्रियेवर त्यांनी एक अख्खा समास लिहिला. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, इतकी त्यांची अपेक्षा. पावसाळ्यात घळीशेजारी धबधब्याचा असा आवाज असतो की शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. त्या आवाजात बसून अक्षराच्या वळणाची काळजी करणारा माणूस घाईचा पुरस्कर्ता कसा असेल?

एक थांबायला सांगतो, एक क्षण वाया घालवू नको म्हणतो. पण महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांचा शेवटचा उपदेश अप्पमादाचा आहे, म्हणजे गाफील न राहण्याचा. आणि रामदासांच्या चरित्रातला सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द ‘सावधान’ हाच आहे. दोघांनाही नको आहे ती बेसावध हालचाल. चाळीस वेळा बटण दाबूनही सूर्योदय न दिसणे, ही तीच.

मात्र हौशी माणसाने इथेच समाधान मानले तर तो अर्ध्या वाटेवर थांबला. कारण याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. नाताळाच्या सुटीत मुंबईची वाहने गोव्याकडे धावत असतात तेव्हा चवदार तळ्यावर आणि क्रांतिस्तंभावर लोक अभिवादनाला आलेले असतात. तळ्याचे पाणी प्यायचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडले.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात सवडीवर थेट विचार मांडला आहे. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्राला विरोध केला होता. त्यांची चिंता खरी होती, यंत्र माणसाला गुलाम करील ही. बाबासाहेबांचा युक्तिवाद वेगळा आहे. पशू फक्त जगण्यापुरता राबतो. माणसाला संस्कृती हवी, त्यासाठी सवड हवी, आणि माणसाच्या जागी यंत्राने कष्ट उचलल्याखेरीज ती सर्वांना मिळणार नाही. यंत्राने होणारे वाईट हे यंत्राचे नसून नफा थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचे आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उपसणे आले, त्यांच्या बाजूने पाहिले की या वादात बाबासाहेबांचे पारडे जड आहे.

याला बायकांची साक्षही आहे. गावात पिठाची गिरण येईपर्यंत पहाटेचे तास जात्यावर जात. त्या कष्टातून ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. जाते गेले तशी ओवी विरळ झाली. म्हणून कुणी बाईला परत जात्यावर बस म्हणणार आहे का? यंत्राने तिचे दळण घेतले ते बरेच झाले, आणि टेप रेकॉर्डर या दुसऱ्या यंत्राने तिचा आवाज राखला तेही बरे झाले. एवढेच की मोकळी झालेली पहाट तिच्या वाट्याला फारशी आली नाही, तिथे दुसरे काम येऊन बसले.

आता हार्डडिस्कवरचा तो फोटो पाहू, जो हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेत हमखास दिसतो. एप्रिल-मे महिना, पोलादपूरची एखादी वाडी, उतरत्या उन्हात पायवाट चढणारी बाई, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कडेवर घागर. कृष्णधवल केला की आणखी उठून दिसतो. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. चित्रातली रेषा सुंदर आहे कारण मान ताठ आहे, आणि मान ताठ आहे कारण डोक्यावर पाणी आहे. पाहणाऱ्याची सवड आणि दिसणारीची वणवण एकाच चौकटीत आली आहे. फोटो पुसावा असे नाही. पण त्याला ‘ग्रामीण सौंदर्य’ असे नाव देणे अन्यायाचे आहे. खाली वाडीचे नाव, महिना आणि विहीर किती लांब आहे हे लिहिले, तर तोच फोटो पंचायतीत कामाला येतो.

मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. छायाचित्रकाराला हा दुसरा पक्षी मनापासून आवडतो. साक्षीभाव म्हणजे हाच, असे तो सांगतो. पण मराठीत साक्षीचा दुसराही अर्थ आहे. जो पाहतो त्याला उद्या उभे राहून सांगावे लागते. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. अशा वेळी कॅमेरा उचलायचा की फावडे? हात कमी असतील तिथे फावडे, याबद्दल शंका नको. पुढे पंचनामे सुरू होतात तेव्हा भिंतीवरची पाण्याची खूण, वाहून गेलेला बांध, खचलेला रस्ता यांचे फोटो लागतात, आणि तेव्हा कॅमेराही फावड्याइतकाच उपयोगी असतो. शोक करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र तो रोखू नये.

पूर ओसरल्यावर आणखी एक गोष्ट कळते. गाळात भिजलेले अल्बम उघडत नाहीत. फोटो एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि सोडवायला गेले की रंगाचा पापुद्रा निघून येतो. ज्या घरांत अल्बमच नव्हता, तिथे गेलेल्या माणसाचा फोटो शोधताना पुष्कळदा आधार कार्डावरचा चेहराच हाती लागतो. हजारो सूर्योदय साठवणाऱ्या गावात आजीचा एक नीट फोटो नसतो.

म्हणून या वर्षअखेरीस हार्डडिस्क साफ करायला बसणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन जवळच्या वाडीवर जा. जाते ओढलेल्या, हंडे वाहिलेल्या एखाद्या आजीला विचारून, तिला हवे तसे बसू देऊन, तिचा फोटो काढा. घाई करू नका. बाराच संधी आहेत असे समजा. मग तो फोनमध्ये ठेवू नका. कागदावर छापून घ्या, मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि परत जाऊन तिच्या हातात द्या.