चेंडू आणि पंथ

स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी फुटबॉल खेळणारे दोन प्रख्यात संघ आहेत. रेंजर्स १८७२ साली स्थापन झाला व सेल्टिक १८८७ साली. दारिद्र्याने गांजलेल्या मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या रोमन कॅथॉलिक शिक्षकाने सेल्टिकचा आरंभ केला. हेतू किती उत्तम! परंतु पुढे एकाचे कैवारी आयर्लंडचे निशाण व दुसऱ्याचे ब्रिटनचे निशाण मिरवू लागले, आणि मैदानात पंथाचे व राजकारणाचे वैर माजले.

येथे आपण प्रॉटेस्टंट लोकांनी दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याची घाई करू नये. रेंजर्सने कित्येक दशके जाणूनबुजून कॅथॉलिक खेळाडू घेतला नाही. १९८९ साली मो जॉन्स्टन यास घेतले, तेव्हा काही कैवाऱ्यांनी आपल्याच संघाचे गळपट्टे जाळले!

कोणी म्हणेल, हा स्वपंथाचा अभिमान होय. यात पाप ते कोणते? परंतु ज्याने वर्षभर उपासनेस पाऊल टाकले नाही, असा मनुष्यही मैदानात प्रॉटेस्टंट म्हणून गर्जतो, तेव्हा त्यास प्रभू नको, केवळ शत्रू हवा असतो.

आणि त्या अडाण्यांसच दोष का द्यावा? ज्या देशातून डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले, तेथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने १९२३ साली आयरिश कॅथॉलिकांविरुद्धचा एक अहवाल मान्य केला होता. त्याबद्दल २००२ साली खेद प्रगट झाला. तोवर ज्यांच्याविरुद्ध तो लिहिला होता, ते बहुतेक कबरेत गेले होते.